पट्ट्यांच्या पुढचा सूर

आईने पलंग ओढून भिंतीला कान लावला आणि श्वास रोखून धरला. अख्खा पियानो नुसत्या कानाच्या भरवशावर सुरात लावून देणारी बाई ती. तिच्यापासून आवाज लपणार कुठे?

"काहीही नाहीये."

"आहे," दारातून मुलगी म्हणाली. शाळेतून आत्ताच आली होती, दप्तर पाठीवरच होतं. "बारीक किंचाळतंय. तिथेच."

वेगळी खोली मिळाल्यापासून पोरीचं हेच गाऱ्हाणं. रात्री डोळ्याला डोळा नाही आणि वर्गात बाकावर डोकं टेकून झोप. बाबांच्या मते एकटीला भीती वाटते, म्हणून ही निमित्तं. आईचा हिशेब त्याहून सरळ होता: मला ऐकू येत नाही म्हणजे वाजतच नाही. परवा पाहुण्यांसमोर तिने पोरीला खोटारडी म्हटलं. तेव्हापासून मुलगी आईशी कामापुरतंच बोलत होती, आणि ते आईला आत कुठेतरी फार लागलं होतं.

"आज सोक्षमोक्षच लावू. पाठ कर इकडे. बंद झालं की सांग."

पलंगामागे टॅबच्या चार्जरशिवाय काही नव्हतं. आईने तो हलकेच उपसला.

"गेलं."

लागला असेल अंदाज. आईने चार्जर पुन्हा खोचला.

"आलं."

आईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने शेजारच्या रिकाम्या सॉकेटचं बटण खटकन दाबलं.

"फसवू नकोस ना. चालूच आहे."

आईने चार्जर काढून कानाशी धरला, हलवला, उलटसुलट करून पाहिला.

"कसा आहे गं सूर? म्हणून दाखव."

"एवढ्या वर गळा नाही जात माझा." मुलीने जरा विचार केला आणि खालच्या पट्टीत एक स्वर धरला. अगदी स्वच्छ, कुठेही न हलणारा. "हाच, पण खूप वर. तुझ्या पियानोच्या पट्ट्या संपतात ना, त्याच्याही पुढे."

आई पलंगावर बसली. त्याच्याही पुढे, जिथे आपला कान पोचतच नाही! आणि तिथे ही एवढीशी पोर रोज रात्री एकटी जागत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "खूप चुकलं."

मुलगी दप्तर खाली टाकून आईच्या शेजारी आडवी झाली.

"आणखी काय काय ऐकू येतं तुला?"

"हॉलमधला टीव्ही... बंद असला तरी. मग तो पांढरा दिवा... आणि स्वयंपाकघरात..."

पुढचं वाक्य आलंच नाही. आईने वाकून पाहिलं, पोरीला गाढ झोप लागली होती. आई उठली, चोरपावलांनी दाराजवळच्या मेन स्विचपाशी गेली आणि सगळं घर बंद करून टाकलं.

बाबा आले तेव्हा हॉलमधलं बटण दोनतीनदा दाबून कंटाळले.

"लाइट गेली का?"

"मी घालवली. तिला खरंच ऐकू येतं सगळं." आईने ओठांवर बोट ठेवून त्यांना खोलीच्या दारापर्यंत नेलं. बुटांसकट झोपलेल्या लेकीकडे दोघं बघत राहिले.

"मला तर कधीच काही ऐकू आलं नाही," बाबा कुजबुजले.

"मलाही नाही," आई म्हणाली, आणि आजवर कुणापुढे ती असं बोलली नव्हती.