काय बघायचंय त्यात

"चप्पल बाहेर काढा. घड्याळ, अंगठी पण. मग कोपरापर्यंत हात धुवायचे आणि हा घालायचा," असं सांगून सिस्टरने हिरवा गाऊन श्रीपादरावांपुढे धरला.

श्रीपादरावांनी तो हातात घेतला नाही. असाच एक गाऊन घालून फुलाबाई मघाशी आत जाऊन आल्या होत्या आणि आता भिंतीशी पाय पसरून बसल्या होत्या. धुतलेला असला म्हणून काय झालं, या कपड्यांत आजवर कोण कोण शिरून गेलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. फुलाबाई त्यांच्या विहीणबाई. पण हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

श्रीपादराव भोरच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. साहेब व्हायचं राहून गेलं, पण आपल्यावर जे साहेब आले ते सगळे मूर्ख होते याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांच्या मते भोरमध्ये शुद्ध मराठी लिहिणारी माणसं दोनच, आणि त्यांतला एक वारला होता. दुकानदार लबाड, डॉक्टर अर्धवट, शेजारी चहाटळ. एकुलत्या मुलीकडून तेवढी आशा होती. ती भार्गवी नसरापूरला एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिने वरवे बुद्रुकच्या कुमारशी लग्न केलं. कुमार टेम्पो चालवायचा. जवळच्या कारखान्यातला माल पुण्याला पोचवायचा.

लग्नाला श्रीपादराव गेले नाहीत. पुढे त्यांच्या पत्नी मालिनीबाईंनी रडून-भेकून येणं-जाणं सुरू केलं, तरी जावयाशी ते थेट कधी बोलले नाहीत. कुमार समोर बसलेला असायचा आणि हे बायकोला म्हणायचे, "यांना विचार, चहा घेणार का."

आता भार्गवीला दिवस भरायच्या दोन महिने आधीच मुलगी झाली होती. पुण्यातल्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आईबापांना केव्हाही आत सोडत, आजी-आजोबांना मात्र एकदाच, थोडा वेळ. मालिनीबाई कधी नव्हे ते ठामपणे म्हणाल्या होत्या, "तुम्ही येताय." म्हणून ते आले होते, एसटीतून, खिडकीशी बसून, सगळ्या वाटेने हायवेच्या कामाला नावं ठेवत.

मालिनीबाई आधी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदराने डोळे टिपत होत्या, पण चेहरा फुललेला होता. "जा, बघून या," त्या हळूच म्हणाल्या.

"काय बघायचंय त्यात? नळ्या?" श्रीपादराव म्हणाले.

तेवढ्यात कुमार आला. रात्रभर बाकावर झोपल्याने त्याचा शर्ट चुरगळला होता. अंगाला डिझेलचा वास होता. तो वास श्रीपादरावांना कुमार टेम्पोशिवाय घरी आला तरी यायचा.

"मामा, एकदा बगून घ्या," तो म्हणाला. "लई बारीक हाय, पर डोळं उघडती. भार्गवी आत हाय. तिलाबी बरं वाटंल."

मामा या हाकेचाही श्रीपादरावांना राग होता. आपण कोणाचे मामा? त्यांनी कुमारकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "यांना सांग, माणसासारखी दिसायला लागली की कळवा म्हणावं. तेव्हा येईन."

काचेचं दार अर्धं उघडं होतं. गाऊन घातलेली भार्गवी वडिलांना बोलवायला तिथवर आली होती. तिने ऐकलं. ती मागे वळली, आणि दार आपोआप मिटलं.

फुलाबाईंनी पाय आवरून घेतले. कुमारने खिशातून टेम्पोची किल्ली काढली. मग तो मालिनीबाईंना म्हणाला, "स्टँडपातुर सोडतो मामी." श्रीपादरावांनी टेम्पोत बसायला नकार दिला.

त्यानंतर मालिनीबाई एकट्याच जाऊ लागल्या. आत सोडत नसत, तरी त्या फुलाबाईंजवळ बाहेर बसून संध्याकाळी परत येत. इतकी वर्षं त्या एकट्या कापूरहोळच्या पुढे गेल्या नव्हत्या. श्रीपादराव स्वतःच आमटी गरम करून जेवू लागले आणि आमटीलाही नावं ठेवू लागले. ओसरीवर कोणी चौकशी केली तर म्हणत, "चाललंय त्यांचं काहीतरी. अडाणी लोक, दवाखान्यात चटया टाकून राहतात."

मुलीचं नाव शुभ्रा ठेवल्याचं मालिनीबाईंनी एकदा सांगितलं. "बाप तसला काळा, आणि म्हणे शुभ्रा," ते हसून म्हणाले. मालिनीबाई हसल्या नाहीत. भाजी निवडत राहिल्या. पूर्वी त्या अशा वेळी निदान "असं बोलू नये" म्हणायच्या. आता तेवढंही म्हणेनाशा झाल्या, आणि हे श्रीपादरावांना कुठेतरी लागलं.

पुढे ते आडून आडून विचारू लागले. दूध पचतं का? रडते का? मालिनीबाई एका शब्दात उत्तर देत. एका संध्याकाळी त्यांनी सरळच विचारलं, "दिसते कशी?"

मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात श्रीपादरावांनी अनेकांकडे जसं पाहिलं होतं, तसंच ते पाहणं होतं. "तुम्हाला काय करायचंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी आपणही जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बायकोला सांगितलं नाही. दवाखान्याचा कारभार एकदा बघून यायला हवा, अशी स्वतःची समजूत घातली. धोतर इस्त्री करून ठेवलं.

शनिवारी सकाळी कुमारचा फोन आला. बाळाच्या रक्तात जंतू झाले होते. पहाटे गेली.

दोघं वरव्याला पोचली तेव्हा भार्गवी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मालिनीबाई तिच्यापाशी गेल्या. श्रीपादराव दाराशी थांबले. भार्गवीने मान वळवली नाही.

शेताच्या बांधाशी लहानसा खड्डा घेतला होता. भावकीतली चार माणसं होती. कुमारने पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ दोन्ही हातांवर धरलं होतं. तो खाली वाकला तेव्हा श्रीपादराव पुढे झाले.

"कुमार," ते म्हणाले. त्याचं नाव ते पहिल्यांदाच घेत होते. "जरा तोंड उघडतोस का? मी पाहिली नाही तिला."

कुमारने कापडाकडे पाहिलं. त्याची बोटं कडेपर्यंत गेली आणि थांबली.

"आता नगं, मामा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आईनं गुंडाळलीया तिच्या. न्हाई उघडायचं."

श्रीपादराव मागे सरले. कुमारने बाळाला खाली ठेवलं. एकेकाने माती लोटली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि माणसं बांधावरचे दगड आणून फांद्यांवर ठेवू लागली.

श्रीपादरावही बांधाकडे गेले. त्यांनी उचलला तो दगड त्यांच्या मानाने फार मोठा होता. तो पोटाशी धरून ते ढेकळांतून एकेक पाऊल टाकत येऊ लागले. इस्त्रीच्या धोतराला माती लागली, श्वास फुलला. कोणी धरू लागलं नाही, कोणी राहू द्या म्हटलं नाही. त्यांनी वाकून तो दगड ठेवेपर्यंत सगळे तिथेच उभे राहिले.