कापूर खाल्लेली मुलगी

सकाळी सव्वादहापासून माझी दीड वर्षांची मुलगी कापरासारखी विरत होती. जळत नव्हती, धूर नाही, ज्योत नाही. डबीचं झाकण नीट लागलं नाही की कापूर जसा कुणाला न सांगता लहान होत जातो, तशी. सव्वादहाला तिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत होता. साडेदहाला तो घोट्यापर्यंत आला.

चूक माझीच. आमच्या देव्हाऱ्यात दोन सारख्या डब्या आहेत, एकीत खडीसाखर आणि एकीत कापराच्या वड्या. पोरीची देवाशी ओळख व्हावी म्हणून तिच्या वडिलांनी देव्हारा भिंतीवरून उतरवून बुटक्या पाटावर ठेवला होता. रोज पूजा झाली की ते तिच्या तळहातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवायचे. आज ते कामावर लवकर गेले, पूजा मी उरकली आणि खडा द्यायला विसरले. शाल्मलीनं आपला हक्क आपल्या हातानं घेतला.

मी पोचले तेव्हा तिच्या तोंडाला देवळाचा वास येत होता. अर्धी वडी मी बोट घालून काढली. अर्धी गेली होती.

"खई," ती म्हणाली आणि हात पुढे केला. म्हणजे खडीसाखर. अजून.

ही मला त्रेचाळिसाव्या वर्षी झाली. बागेत बायका विचारतात, नात का? मी हो म्हणते, वेळ वाचतो. दीड वर्षात मी तिला एक मिनिटसुद्धा नजरेआड केलं नव्हतं. ते एक मिनिट सोडून.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर हिर्लेकर वजनकाटा काखेत घेऊन आले. तिला काट्यावर बसवलं. काटा नऊ किलोवर गेला, थोडा विचार करून आठावर आला.

"ओकारी काढायला जाऊ नका," ते म्हणाले.

"नाही. दवाखान्यात न्यायचं का?"

"जिन्यात वारा आहे. खाली पोचेपर्यंत काय उरेल?" त्यांनी तिच्या डोक्याचा वास घेतला. "उघडी ठेवू नका, एवढंच. मी हात धुऊन येतो."

मी स्वयंपाकघराची खिडकी लावली. खिडकी लागताच स्वयंपाकघर गेलं. जिथं ओटा होता तिथं भिंत होती, रंगसुद्धा जुनाच, डागासकट. मग झोपायच्या खोलीचं दार लावलं, तीही गेली. न्हाणीघराचं दार मी सवयीनं ओढून घेतलं आणि मग आठवलं की डॉक्टर आत होते.

"डॉक्टर?"

"इथे पाणी छान येतंय," भिंतीतून आवाज आला. "तुमचं चालू द्या."

उरला हॉल. तोही एकेक टाइल करून आत येत होता, पाहुणे कसे बसल्या बसल्या जवळ सरकतात तसा. वीस वर्षं आम्ही नवराबायको मोठ्या घरावरून भांडलो होतो. आता सोफा माझ्या गुडघ्याला टेकला होता, मुलगी मांडीवर होती, आणि हात लांबवला की सगळं मिळत होतं. मला बरं वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

शाल्मली तेव्हा वितीएवढी होती. रडत नव्हती. माझ्या मंगळसूत्राला धरून उभी राहात होती आणि स्वतःवर खूश होती.

दाराबाहेरून समोरच्या खानझोडे काकूंचा आवाज आला.

"काय गं, पोरीला कापूर चारलास म्हणे? लोक बदाम चारतात."

"काकू, दार उघडता येणार नाही."

"नकोच उघडू. मिरे आहेत का घरात?"

"स्वयंपाकघर गेलं."

"बाई बाई. थांब." पाच मिनिटांनी दाराखालच्या फटीतून सात मिरे घरंगळत आत आले. "कापरात मिरे टाकले की तो विरत नाही. माझ्या सासूबाईंच्या डबीतला चार वर्षं तसाच आहे. सासूबाई गेल्या, कापूर आहे."

मी मिरे तिच्याभोवती ओटीत ठेवले आणि फटीत टॉवेल कोंबला. एक मिरा तिनं चाटला. "हाय हाय," म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आज घरात काय काय ठेवलंय मी. पण विरणं मंदावलं. अंगठ्याएवढी झाली आणि बराच वेळ अंगठ्याएवढीच राहिली.

मग फोन वाजला.

"निघालोय," तिचे वडील म्हणाले. "दार उघडं ठेव."

"उघडायचं नाहीये. मी आतून कडी लावलीय."

"मग मी येऊ कसा?"

"येऊ नका."

"माझी पण मुलगी आहे ती," ते म्हणाले. खरंच आहे. मी फोन ठेवला.

ते आले तेव्हा खोली संपत आली होती. पाठीला एक भिंत, कपाळाला दार. सोफा कधी गेला कळलं नाही. मी शाल्मलीला मुठीत घेतलं. मूठ उबदार होती आणि आत ती गुणगुणत होती, झोपायच्या आधी गुणगुणते तसं.

"मी इथे आहे," ते दारापलीकडून म्हणाले. चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. ते खाली वाकले असावेत, कारण लॅचच्या भोकातून त्यांचा श्वास थेट माझ्या मुठीवर यायला लागला.

"तोंड बाजूला करा," मी म्हटलं.

"नुसतं बघतोय गं. शाल्मली! ए ठकू!"

ती हसली. ते हसू मला दाराच्या पलीकडून ऐकू आलं.



"अगं," ते अगदी हळू म्हणाले, झोपलेलं मूल हातात असलं की बोलतात तसं, "ही माझ्या कडेवर आहे. आख्खी. उघड आता."

मी मूठ कानाशी नेली. आत कुणीतरी सावकाश, पोटभर श्वास घेत होतं. माझा दुसरा हात कडीवर होता.