शालूच्या खांद्यांखालची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण माझ्यावर आजवर कुणी डोके टेकलेले नाही. मी जेमतेम वीतभर लांब. जालन्याच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या गळ्याचे ऑपरेशन असले की मला त्यांच्या खांद्यांखाली ठेवतात. मग मान मागे झुकते आणि डॉक्टरांना गळा नीट दिसतो.

मला तिथल्या आया कौसल्याबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यातून शिवले. "लेकराला टोचायला नको," एवढेच त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माझे कौतुक केले. पुढे रबराच्या उशा आल्या आणि मी कपाटात गेले. कौसल्याबाई वारल्यावर तर ते कपाट कुणी उघडेना.

मग हसनाबादची शालू आली. पाच वर्षांची, अंगाने काडी. तिच्या गळ्यावर मधोमध बोराएवढी गाठ होती. तिचे मूळ जन्मापासूनच आत, जिभेच्या बुडाशी होते. मोनाली नर्स सांगत होती, डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली तशी गाठ वर सरकली, आणि साखराबाई आजी नातीवरच रागावल्या, "डाक्टरला जीभ दाखवती व्हय गं?"

आजींनी त्या गाठीवर बिब्बा घातला होता. कातडी भाजली, म्हणून ऑपरेशन महिनाभर लांबले. गाठ परत येऊ नये म्हणून तिच्यामागच्या हाडाचा लहान तुकडाही काढावा लागतो, हे ऐकून आजी हादरल्या. "हाड काढल्यावर पोरगी बोलंल का न्हाई?" डॉक्टरांनी बोलेल असे सांगितले, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

रबराच्या उशीवर शालूची मान फारच ताणली गेली. डॉक्टर म्हणाले, "कौसल्याबाईंची उशी आणा." तासाभरात गाठ निघाली, हाडाचा तुकडाही निघाला. मला काढून स्ट्रेचरवरच ठेवले, म्हणून मीही शालूबरोबर वॉर्डात गेले.

आजी तिच्या तोंडाकडे एकटक बघत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने शालूने डोळे उघडले. आवाज घोगरा होता.

"आज्जे, मला उठीव. मुतायला लागली."

"बोलून राह्यली माय," आजी हळूच म्हणाल्या, आणि तिला उठवायचेच विसरल्या.

मित्रांनो, साखराबाईंना हसू नका. बिब्बाही त्यांनी मायेपोटीच घातला होता. पण गळ्यावर गाठ दिसली तर घरचे उपाय करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनची वेळ आलीच तर घाबरू नका. मान मागे टाकून निवांत झोपा. मी खाली असतेच.