वरून दिसलेली सावित्री

अक्षदा उतेकरला पाण्याची भीती वाटायची, आणि तिच्या वाट्याला नेमकं होडीतलं लग्न आलं.

ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर असलेल्या एका वाडीतली. घरी दोन म्हशी, दहा-बारा शेळ्या. पावसाळ्यातले ओढे सोडले तर पाणी म्हणजे हंड्यातलंच, त्यामुळे पोहायचा प्रश्नच आला नव्हता. बारावीनंतर ती महाडात एका फोटो स्टुडिओत लागली. लग्नांचे अल्बम जोडता जोडता कॅमेरा हातात आला आणि दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःचा ड्रोन घेतला. चार पंखांचा, राखी रंगाचा, मिटला की पर्समध्ये मावणारा. आता उमरठपासून वीरपर्यंत कुठल्याही मांडवावर तो घोंघावला की लोक वर न बघताच म्हणायचे, "आली अक्षदा." लग्नात अक्षदा हवीच, हा विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता की तो होण्याआधीच ती हसून घ्यायची.

नवरदेवाचं नाव हर्षद. पनवेलला नोकरीला होता, गाव सावित्रीच्या काठचं वाकणवाडी. नवरीचं नाव गौतमी, ती नदीच्या पलीकडची, खाली खाडीच्या बाजूला असलेल्या सोनखारची. रस्त्याने पुलावरून वळसा घालून जायला तास लागायचा. पूल नव्हता तेव्हा दोन्ही गावांची वऱ्हाडं होडीतूनच जात, आणि हर्षदच्या डोक्यात तेच बसलं होतं.

"बस ठरवलीय ना रे," त्याचे वडील राजेशभाऊ वैतागून म्हणाले.

"पप्पा, बस सगळेच आणतात. निम्मे बसने जा, निम्मे होडीने. आणि वरून शूटिंग. एकदम झकास होईल, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

लग्नाच्या दोन दिवस आधी अक्षदा जागा बघायला धक्क्यावर गेली. मोठी इंजिनाची होडी मंगेश चालवायचा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याचे वडील हैबती शेजारी आपली छोटी होडी उलटी करून तिच्या फटी बुजवत होते. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक. अक्षदाने शूटिंग छोट्या होडीतून करायचं असं ठरलं होतं, म्हणजे तिची गाठ हैबतीतात्यांशी.

"तात्या, मला पोहता येत नाही," तिने आधीच सांगून टाकलं.

"मंग पडू नको," तात्या म्हणाले आणि कामाला लागले.

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून विषय काढला. "मोठी होडी पन्नास वर्षं मीच हाकली. आता मंगेश हाकतो."

"दमलात?"

"नाय गो. मागल्या वर्षी दोनदा रेतीत रुतवली. माणसं भरलेली होती. दुसऱ्या बारीला मीच सुकाणू त्याच्या हातात दिलं." त्यांनी हातातला काथ्या फटीत जोराने दाबला. "डोळं चांगलं हायत. पलीकडच्या झाडावरचं बगळं मोजून दाखवीन. पर पाण्याचा अंदाज चुकाया लागला. वय झालं."

ते सहज बोलल्यासारखं बोलले, पण बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. अक्षदाने ड्रोन बाहेर काढला.

सराव करताना पहिली अडचण आली ती डुलण्याची. होडी हलत असली की ड्रोन उडायलाच तयार होईना. तात्यांनी चिखलात बांबू रोवून होडी त्याला करकचून बांधली, तेव्हा तो उठला. दुसरी अडचण परतीची होती. अक्षदाने समजावून सांगितलं की याला परत बोलावलं किंवा याची बॅटरी संपत आली की हा जिथून उडाला त्या जागी जाऊन उतरतो. मधल्या वेळात होडी पुढे गेली तर हा पाण्यात.

"म्हंजे तुझं पाखरू घर वळखतं, माणूस नाय," तात्या म्हणाले.

"म्हणून हाताने धरायचा. उभं राहून."

"होडीत उभं? तू?"

त्या दिवशी तिने ड्रोन बसूनच धरला, तोही तिसऱ्या प्रयत्नात.

लग्नाचा मुहूर्त अकरा चाळीसचा. भरती असेपर्यंत, नऊ वाजता निघायचं असं मंगेशने दहा वेळा बजावलं होतं. पण फेटे बांधणारा माणूस उशिरा आला, मग एका आत्याची पिशवी बसमध्ये गेली ती परत आणवली, मग हर्षदने अंगात घातलेलं लाइफ जॅकेट फोटोपुरतं काढायचं की नाही यावर चर्चा झाली. होडी सुटली तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. हैबतीतात्यांनी धक्क्याच्या ओल्या पायऱ्या बघितल्या आणि पुटपुटले, "पाणी निघालं. ओहोटी लागली."

मोठ्या होडीत बावीस माणसं, त्यातच सनई आणि ढोल-ताशा. तिच्या मागे लांब दोराने बांधलेली छोटी होडी, आणि तिच्यात तात्या नि अक्षदा. अक्षदा दोन्ही गुडघे फळीला टेकून बसली होती. पण होडी सुटायच्या आधीच उडवलेला ड्रोन वर गेला आणि स्क्रीनवर हिरवट पाणी, दोन्ही काठांची झाडी आणि मधोमध लाल-पिवळ्या फेट्यांनी भरलेली होडी दिसली, तेव्हा आपण पाण्यावर आहोत हेच ती विसरली. अर्धा तास ती वऱ्हाडाभोवती ड्रोन फिरवत राहिली. बायका हात हलवत होत्या. एक घार कुतूहलाने जवळ आली आणि ताशा ऐकून पळाली.

पहिली बॅटरी संपली, ड्रोन तिने नीट धरला, आणि ती दुसरी बॅटरी घालत असतानाच पुढून खर्रर्र आवाज आला. मोठी होडी थांबली. उभे असलेले दोघे-तिघे एकमेकांवर आदळले. सनई मधेच तुटली.

होडीचं नाक रेतीत घुसलं होतं.

मंगेशने इंजिन उलटं फिरवलं. गढूळ पाणी उसळलं, पण होडी जागची हलली नाही. अकरा वाजले होते आणि पाणी उतरत होतं. अजून अर्धा तास गेला असता तर होडी संध्याकाळपर्यंत तिथेच बसली असती, नवरदेवासकट.

"उतरून ढकलूया!" हर्षदच्या मामांनी विजार वर खोचली.

तात्यांनी बांबू रोवून छोटी होडी बांधताच, ही रेती कुठपर्यंत आहे ते बघायला अक्षदाने ड्रोन पुन्हा उडवला. रेतीचा पट्टा स्क्रीनवर लांबच लांब दिसला, काही ठिकाणी पाण्यावर, काही ठिकाणी पाण्याखाली. त्याच्या टोकाला एक ओंडका पडला होता. तिने ड्रोन थोडा खाली घेतला. ओंडक्याने शेपूट हलवलं.

"कुणी उतरू नका!" ती ओरडली. "सुसर आहे!"

मामांचा एक पाय होडीच्या बाहेर लोंबत होता. तो त्यांनी इतक्या वेगाने आत घेतला की नवा कोरा बूट पाण्यात पडला आणि वाहून गेला. सुसर मात्र ऊन खात पडून राहिली. तिला लग्नाचं काही नव्हतं.

"बघू," तात्या म्हणाले आणि अक्षदाच्या खांद्यावरून स्क्रीनवर वाकले.

आतापर्यंत त्यांनी त्या स्क्रीनकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता ते बघतच राहिले. त्यांचं बोट काचेला न लावता काठाकाठाने फिरलं.

"ही आपली नदी?"

"हो."

"हा वाकडा वड. ह्यो खाजणाचा बांध. मंग ह्यो काळा पट्टा काय हाय?"

"खोल पाणी वरून काळं दिसतं, तात्या."

त्यांनी बोट पुन्हा वडापाशी आणलं. मग हळूच म्हणाले, "पाण्याची वाट ह्या काठानं हुती. वडाच्या बाजूनं. आज्जापासनं." बोट पलीकडे सरकलं. "ती कांदळवनाच्या अंगाला गेली. महापूर येऊन गेला, त्यानं रेती इकडं आणून टाकली नि वाट तिकडं नेली." त्यांनी मान वर केली. "मी जुन्या वाटेनं जात हुतो. ती वाटच नव्हती. म्हंजे माझं चुकलं नाय गो. नदी सरकली!"

क्षणभर ते हसणार की रडणार ते अक्षदाला कळेना. पण त्यांना दोन्हीला वेळ नव्हता. ते होडीत उभे राहिले आणि जो आवाज त्यांनी वर्षभर वापरला नव्हता तो काढला.

"मंगेश! नाक रुतलंय, शेपूट मोकळं हाय. सगळ्यांना मागं सरकव! ढोलवालं आधी!"

बावीस माणसं, ढोल-ताशा आणि वरमाय होडीच्या मागच्या अंगाला दाटीवाटीने जमली. पुढचं टोक जरा उचललं. मंगेशने आणि राजेशभाऊंनी दोन बांबू रेतीत खुपसून रेटा दिला, इंजिन उलटं घोंगावलं, आणि होडी कुरकुरत मागे आली. "आली! आली!" असा एकच गलका झाला.

"आता माझ्या मागनं ये, हळू," तात्यांनी मंगेशला सांगितलं. दोर सोडून ते वल्ह्यांवर बसले. छोटी होडी पुढे झाली. "पोरी, स्क्रीन मला दिसंल अशी धर."

बसून धरली तर त्यांच्या डोळ्यांवर ऊन चमकत होतं. अक्षदा उठली. उभी राहिली. गुडघे तिने ताठ धरले होते.

"गुडघं सैल ठेव. शेळ्यांमागं उतारावरनं उतरतीस ना? तसं."

ते तिला समजलं. होडी डोलली की ती तिच्याबरोबर डोलू लागली. तात्या स्क्रीन बघत, वल्हं मारत, काळ्या पट्ट्यातून वळणं घेत चालले. मागून मोठी होडी तंतोतंत त्यांच्या मागे. रेतीचा शेवटचा भाग उजवीकडे राहिला, तेवढ्यात स्क्रीन लाल झाली. बॅटरी संपत आली होती, आणि ड्रोन आपल्या मनाने मागे फिरला, जिथून उडाला होता त्या रिकाम्या पाण्याकडे.

"नाही नाही नाही," म्हणत अक्षदाने बटण दाबून त्याची परत जायची खोड मोडली आणि त्याला होडीकडे खेचलं. "तात्या, होडी थांबवा!"

"थांबली तर वढ रेतीवर नेल. तू धर. मी सरळ नेतो."

ड्रोन डोक्यावर आला. होडी चालली होती, तोही चालला होता, खाली येत येत. तिने एका हातात रिमोट धरला, दुसरा वर केला. एकदा बोटांना पंखांचा वारा लागला आणि तो निसटला. पाय फळीवरून सरकला, ती कमरेत वाकली, पुन्हा सावरली. दुसऱ्यांदा तिने श्वास रोखून हात वर नेला आणि पोटाखालून घट्ट धरला. पंख फडफडले आणि बंद पडले.

मागच्या होडीत आरडाओरडा झाला. ढोलवाल्यांनी कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. अक्षदा ड्रोन छातीशी धरून उभी होती आणि मोठमोठ्याने हसत होती. बसायचं असतं हे तिला पाच मिनिटांनी आठवलं.

सोनखारच्या धक्क्याला होडी लागली तेव्हा बारा वाजत आले होते. बसवाले कधीच पोचले होते. भटजी घड्याळ बघून म्हणाले, "या, या, चालेल अजून." गौतमी मांडवाच्या दारात उभी होती, सगळ्यांनी आत जा म्हणून सांगूनही.

"पुलावरनं आला असतास तर मुहूर्ताआधी पोचला असतास," ती हर्षदला म्हणाली.

"पण मग सुसर कुठे दिसली असती?"

मामांनी एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा थाटात अक्षता टाकल्या.

जेवणं झाल्यावर अक्षदा मांडवाच्या कोपऱ्यात बॅटऱ्या चार्ज करत बसली होती. मंगेश तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "ते वरचं जरा दाखवता?" तिने दाखवलं. त्याने ते तीनदा बघितलं. मग उठून, पान लावत बसलेल्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, जाताना सुकाणू तुम्ही घ्या."

"का रे? हात दुखतात तुझं?"

"नाय. आज मीबी त्याच वाटेनं रुतवली. तुम्ही दाखवलेल्या. वाटच सरकली त्याला तुम्ही काय करणार? मी उगाच वर्षभर समजत हुतो, तुमचं वय झालं."

"तू काय केलं नायस. मलाबी तसंच वाटत हुतं," तात्या म्हणाले. त्यांनी पान तोंडात घातलं, हात पुसले आणि उठले. "भरती लागूदे. मंग निघू."

पाच वाजून गेल्यावर पाणी चढायला लागलं. वऱ्हाड नवरीसकट होडीत बसलं. मंगेश पुढे बांबू घेऊन उभा राहिला आणि हैबतीतात्या मागे सुकाणूवर बसले. कांदळवनाच्या अंगाने होडी निघाली. अक्षदा या वेळी त्याच होडीत, अगदी कडेला बसली होती. ड्रोन तिने काठावरूनच उडवून बरोबर घेतला होता. तिरप्या उन्हात होडीची सावली पाण्यावर लांब पडली होती. हर्षद आणि गौतमीवरून तिने कॅमेरा हळूहळू मागे नेला, सुकाणूपर्यंत.

"तात्या, जरा वर बघा की!"

"मी वर बघितलं तर पाण्याकडं कोण बघंल?" तात्या म्हणाले, आणि तरी त्यांनी एकदा, अगदी पटकन, वर बघितलं.