मी स्थावर की जंगम?

मी एक लेथ आहे. माझा जन्म चेकोस्लोव्हाकियात झाला. तो देश आता नकाशावर सापडायचा नाही. १९८४ साली शिवराम आणि रघु या दोघा भावांनी बँकेचं कर्ज काढून मला सेकंडहँड विकत घेतलं. आनंदनगरच्या गाळ्यात चार बोल्टांनी मला जमिनीत घट्ट बसवलं.

रघु टर्नर. लोखंड कातून सुटे भाग, म्हणजे जॉब, माझ्यावर तोच काढायचा. माझ्या अंगावरून तेलाचं फडकं फिरवल्याशिवाय तो सकाळचा चहा घेत नसे. शिवराम ऑर्डरी आणायचा, पार्ट्या सांभाळायचा. नऊ वर्षं दोघांनी मला धडधडतं ठेवलं.

पुढे कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाही, यावरून रोज खटके उडू लागले. १९९३ च्या उन्हाळ्यात रघुने बदलापूरला वेगळा गाळा बघितला. वाटणीत सगळं सुरळीत झालं, पण गाडी माझ्यापाशी अडली.

"लेथ जमिनीत बसवलाय. जागेबरोबर राहणार," शिवराम म्हणाला.

"चार बोल्ट काढले की निघाला! आणि दादा, तू चालवणार आहेस का तो?"

"कर्जावर पहिली सही माझी आहे."

त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. माझ्यावर ताडपत्री पडली. महिनाभरात मला गंजाची खाज सुटली.

शिवरामची मुलगी मीनल वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी तिने दोघांना गाळ्यात समोरासमोर बसवलं.

"बाबा, ह्या लेथचा देश जानेवारीत फुटला. झेक वेगळे, स्लोव्हाक वेगळे. एक गोळी सुटली नाही."

"मग वाटणी कशी केली?" रघुने विचारलं.

"इमारती ज्याच्या हद्दीत, त्याच्या. बाकीचं बरंचसं लोकसंख्येप्रमाणे, दोनास एक. आंतरराष्ट्रीय कायद्याचं म्हणणं असं, की हलवता येणारी वस्तू ज्या भागाच्या कामाला जोडलेली, ती त्या भागाकडे जाते. कर्जही न्याय्य प्रमाणात वाटायचं. कर्ज देणाऱ्याला मात्र झळ बसता कामा नये."

"बोल्ट काढून हलवता येतो, मान्य. पण कोणाच्या कामाचा?" शिवराम गुरगुरला.

मीनल वडिलांकडे वळली.

"बाबा, तुम्ही ह्याच्यावर कधी एक तरी जॉब काढलाय?"

शिवरामने रघुच्या हातांकडे बघितलं. बोटांवर नऊ वर्षांचे कापल्याचे वण होते.

"उरलेले हप्ते?" त्याने हळूच विचारलं.

"लेथचे मी भरीन दादा. बँकेत जाऊन माझ्या नावावर करून घेऊ."

"आणि जॉबच्या ड्रॉइंगची फाइल?" शिवरामने विचारलं.

"तिच्या झेरॉक्स काढा. दोघांनाही लागणार," मीनल म्हणाली.

"पोटची पोर काकाची वकील निघाली!" असं म्हणत शिवराम उठला, पाना घेतला आणि माझे बोल्ट त्याने स्वतः सोडवले.

आता मी बदलापुरात आहे. वय झालंय, तरी अजून जॉब सुतासारखा सरळ काढतो. इथे आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला शिवराम झेंडूचा हार घेऊन आला. रघुने नारळ त्याच्यापुढे धरला.

"दादा, मोठा तू. तूच फोड."

शिवरामने तो परत रघुच्या हातात दिला.

"कारखाना तुझा. मालकाने फोडायचा."

माणसांनो, वाटण्या जरूर करा. पण दुसऱ्याच्या दारात पाहुणा म्हणून उभं राहता येईल, अशा करा.