लक्ष्मीबाईंच्या नावातला लसूण

निपाणीच्या बाबगोंडा पाटलांचा जीव दोनच गोष्टींत अडकलेला, आईच्या चटणीत आणि सीमाप्रश्नात. चटणी संकेश्वरी मिरचीची, कांदा-लसणाचा वारासुद्धा न लागलेली. जैनाच्या घरात दुसरी कशी असणार! लक्ष्मीबाईंच्या हातची ही चटणी पुण्या-मुंबईची जैन घरं मागवायची, ती पाटलांच्या सुनेनं, त्रिशलानं काढलेल्या वेबसाइटवरून. साइटचं नावच 'लक्ष्मीबाईंची चटणी', नोंदणी पाटलांच्या नावावर. ते कुणी पळवू नये म्हणून तिनं नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडून त्याला कुलूप लावून घेतलं होतं.

"मामा, ह्ये लॉक काढायचं न्हाय. आन् मेलवर कोड आला तर कुणाला सांगायचा न्हाय. न्हायतर साइटचं नाव दुसऱ्याकडं ट्रान्स्फर हुतंय," तिनं बजावलं होतं.

"मला खुळा समजतीस व्हय गं?" पाटील सुनेला म्हणाले होते.

सीमाप्रश्नाचं म्हणाल, तर तरुणपणी पाटलांनी मोर्च्यात लाठ्या खाल्लेल्या. महाराष्ट्रात जायचं म्हणजे जायचं! शेजारचे किराणा दुकानदार आण्णाप्पा तेवढेच कट्टर कानडी. दोघांचं रोज एकदा तरी वाजायचं, चहा मात्र एकाच किटलीतला.

त्रिशला माहेरी चिकोडीला गेली आणि नेमका फोन आला. पलीकडची बाई गोड मराठीत बोलत होती.

"पाटीलसाहेब, आपल्या साइटचं नाव कर्नाटकाच्या खात्यात दिसतंय. महाराष्ट्रात ट्रान्स्फर करायचं का?"

पाटलांच्या अंगावर काटाच आला. इतकी वर्षं पुढाऱ्यांना जमलं नाही, ते ही पोर एका फोनवर करून देते म्हणते! ट्रान्स्फर म्हटल्यावर सुनेचं बजावणं कुणाला आठवतंय? सीमाभागातल्या माणसाच्या डोक्यात त्या शब्दाला एकच अर्थ.

"करा की! इचारताय काय?"

पाटलांनी बाई सांगेल तसं कुलूप काढलं, मेलवर आलेला कोड सांगितला, वर 'जय महाराष्ट्र'ही म्हणाले.

चतुर्दशीला लक्ष्मीबाई बस्तीत जिनदेवाच्या दर्शनाला गेल्या, तर बायका टकामका बघायला लागल्या. एकीनं मोबाइल पुढं केला. साइट तीच, फोटोही लक्ष्मीबाईंचाच, हसरा. खाली लिहिलेलं, 'लक्ष्मीबाईंच्या हातची अस्सल कांदा-लसूण चटणी'. चातुर्मासात बटाट्यालासुद्धा न शिवणारी म्हातारी घरी आली ती ताटावर बसलीच नाही.

"बाबगोंडा, जन्मभर माझ्या हाताला लसणाचा वास लागला न्हाय रं. आन् आता मसणात जायच्या वयात लावलास. माझं नाव मागं आण."

पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला त्यांनी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्रिशलानं येऊन कपाळावर हात मारला आणि कंपनीला फोन लावला. घरात रेंज नाही, म्हणून दाराबाहेरच्या पायरीवर उभं राहून. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, परवानगी खुद्द मालकांनी दिलीय. फसवून घेतली असेल तर त्यांनीच तसं सांगावं. फोन रेकॉर्ड होतोय."

पाटलांनी फोन कानाला लावला. शेजारी दुकानात आण्णाप्पा गूळ जोखत होते.

"सर, ही ट्रान्स्फर तुम्हाला मान्य आहे का?"

"न्हाय," पाटील पुटपुटले.

"ऐकू येत नाही, सर. पूर्ण वाक्यात, स्पष्ट सांगा."

दाराआडून आईनं पाठीत बोट ढोसलं. मग मोर्च्यांत कमावलेला सगळा आवाज पाटलांनी एकदम सोडला.

"आमाला ट्रान्स्फर नको! हाय तिथंच ऱ्हाऊ द्या! आदी जे बोललो ते फसून बोललो!"

सगळी पेठ जागच्या जागी थबकली. फोनवरचा माणूस मात्र खूश झाला. संध्याकाळपर्यंत नाव परत येईल, कुलूपही बसेल, म्हणाला. लक्ष्मीबाईंनी तिथंच हात जोडले.

तेवढ्यात तराजू टाकून आण्णाप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आले. डोळ्यांत चक्क पाणी.

"भाळ छलो आतु, पाटील! लई चांगलं झालं! शेवटी पटलं की तुमाला!"

पाटलांनी तोंड उघडलं. खरं सांगावं, तर लसणाचं सांगावं लागणार, आणि ते पेठभर होणार. त्यांनी आईकडं पाहिलं. तिनं घाईघाईनं मान हलवली, नाही म्हणून.

पाटलांनी पेढा उचलला.

"व्हय आण्णाप्पा," ते म्हणाले, "वय झालं की पटतंय."