शीतळबुवांची तरंगती वीट

बोरीच्या मारुतीपुढं अख्खं गाव लोटलं होतं. शीतळबुवांनी पाण्याच्या घंगाळात वीट सोडली आणि वीट चक्क तरंगली! बायांनी पदर पसरले. मग बुवांनी ती बोटभर जाडीची वीट पुसून तळहातावर घेतली, वर रसरशीत निखारे ठेवले आणि अख्खी आरती म्हटली. हाताला साधा फोडही नाही.

"हिमालयातली माती हाय ही, नागाच्या फण्याखालची! पुण्यवंताला निखारा गार, पाप्याचा हात भाजणार!" बुवा गरजले.

हिमालयातली माती बोरीला कोणत्या गाडीनं आली, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना.

हा सगळा थाट विधवा धुरपताबाईसाठी होता. मुंजाजी पाटलाची बैलजोडी मेली आणि करणी हिचीच, असं बुवांनी घुमत सांगितलं. हात भाजला तर तिनं तान्ह्या लेकीला घेऊन दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असं पंचांनी ठरवलं होतं.

बुवांनी झोळीतून तिच्यासाठी दुसरी वीट काढली. दिसायला तशीच. पाण्यात सोडताच ती तळाला गेली.

"बुडाली! कर हात पुढं!"

शाळेचे व्यंकटराव मास्तर पुढं सरकले. मुंजाजीनं त्यांना अडवलं. "मास्तर, देवाच्या कामात पडू नका."

धुरपताबाईनं हात अर्धा पुढं केला. मग तो मागं घेतला. "मी निखारा धरते. पर बुवाच्या इटंवर. माजी ईट बुवांनी धरावी."

"विटाळ होतोय!" बुवा ओरडले.

"पुण्यवंताला कशाचं भ्याव?" मास्तर म्हणाले.

मुंजाजीचा बुवांवर पुरता विश्वास. त्यानंच आग्रह धरला, "धरा की महाराज, लोक बगायलेत."

बुवांचा इलाज खुंटला. दोन्ही विटांवर सारखे निखारे पडले. मास्तरांनी आरती सुरू केली. धुरपताबाईनं डोळे घट्ट मिटले. आरती अर्धी झाली नाही तोच बुवांनी किंचाळून वीट फेकली. आरती संपली तरी धुरपताबाई उभीच होती. तिचा तळहात स्वच्छ होता.

मास्तरांनी तिच्या हातातली वीट घेऊन दगडावर फोडली. आत छिद्रंच छिद्रं, कडेला काळी राख.

"करडईचं भुसकट! चिखलात कालवून ईट भाजली की भुसकट जळतं, जागा रिकामी ऱ्हाती. तिथं हवा भरती. म्हनून ईट हलकी, अन् धग लवकर खाली उतरत न्हाई. तुमी दरसाल भिंतीच्या चिखलात भुसा तुडवता, म्हनून तर उन्हाळ्यात घरं गार ऱ्हातात. अन् तुमीच हिला देवाची माती म्हनता?"

बुवा पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या हवाली झाले. धुरपताबाईची माफी मात्र कुणी मागितली नाही, याचा मला आजही संताप येतो. तिनं लेक कडेवर घेतली आणि गर्दीतून वाट काढत ती आपल्या घरी गेली.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. ती वस्तू मागून घ्या, फोडून बघा. आपण विचारायला लाजतो, आणि त्याची शिक्षा असल्या एकट्या बाईला होते.